इंजिनाचा सव्वा महिना

माझ्या आईला जगातली एकच गाडी लागत नाही. एसटी, रिक्षा, जावयाची नवीकोरी एसी गाडी, सगळीकडे ती तोंडापाशी पिशवी धरूनच बसते. वरातीतल्या घोड्याकडे नुसतं बघून तिला मळमळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. शपथ अर्थात घोड्याची. तिला मानवते ती फक्त वडिलांची जुनी पांढरी गाडी. त्या गाडीतून ती महिन्यातून एकदा आमच्या माकुणसार गावाहून पामला, आपल्या बहिणीकडे जाते. गाडी गेली की बहिणीची भेटही गेली.

म्हणून इंजिन बसलं तेव्हा बोईसरच्या मिस्त्रीकडून मी ते पूर्ण खोलून नव्याने बांधून घेतलं. सिलिंडर आतून घासून बोअर मारलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या. चावी देताना मिस्त्री म्हणाला, "सेठ, ये आखरी बोअर है. दुबारा खुला तो सीधा भंगार."

आईच्या कानांनी एवढंच उचललं की पोट उघडून शिवलंय.

"मंग सव्वा महिना जपायला पायजे," ती म्हणाली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिच्या हातून झालेली. तिच्यापुढे बोलणार कोण? नियम ठरले. सकाळी अंगणात वीस मिनिटं इंजिन जागच्या जागी चालू ठेवायचं, तो शेक. तीसच्या वर वेग नाही, चढ नाही, ओझं नाही. संध्याकाळी बॉनेटवर गोधडी. मी पन्नाशीचा बाप्या, पण गोधडी रोज घातली. केळव्याच्या रस्त्यावर सायकली आम्हाला मागे टाकायच्या. एकदा एका म्हशीने मागून शिंग लावून बाजूला व्हायला सांगितलं.

आणि एवढं जपूनही इंजिन ऑइल पिऊ लागलं. तीन आठवड्यांत तीन लिटर. मागून निळा धूर असा निघायचा की ग्रामपंचायतीचा डासांवर धूर मारणारा माणूस आमच्या अंगणात डोकावला आणि हात हलवून परत गेला.

शेजारी सोमवारी म्हणाला, व्हॉल्व्ह सील गेलं. बुधवारी म्हणाला, रिंगा उलट्या बसवल्यात. शुक्रवारी त्याने गाडीची दृष्ट काढायला सांगितली. दारावर येणारी मासळीवाली मावशी पाटी उतरवत म्हणाली, "आमच्या बोटीचा इंजिन पन नवा असताना असाच प्यायचा. भरल्या बोटीवर पळवला, मंग सुदारला. तुमी याला गोधडीत काय घालून ठेवलाय?"

बोटीचं शास्त्र गाडीला कुठलं लागायला? आम्ही बोंबील घेतले आणि विषय सोडला.

मी दिवसातून चारदा ऑइलची पट्टी काढून बघायचो. दर वेळी वेगळी खूण. एकदा तर ऑइल वाढलेलं दिसलं. मी आनंदाने आईला हाक मारली, आणि मग लक्षात आलं की गाडी उतारावर उभी होती. डोकं पार चक्रावलं. पिणारा कमी पितोय, की मोजणाऱ्यालाच चढलीय?

शेवटी पुन्हा बोईसर. मिस्त्रीने इंजिनाची वाफ सोडणारी ब्रीदरची नळी पाहिली, साफ. मग प्लग काढून चारही सिलिंडरांचा दाब मोजला, कमी. प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजला, तर दाब वाढला. म्हणजे गळती रिंगांपाशीच.

"रिंग बैठी नहीं. चलाया कैसे?"

मी छाती फुगवून सांगितलं. तीसचा वेग, वीस मिनिटं शेक.

तो बादली पालथी घालून तिच्यावरच बसला. "इंजन को कौन सेंकता है, सेठ?" मग समजावलं. "मसाला पीसने की सिल टाँकते हैं ना? जोर से पीसो तो बैठती है. आपने खाली हाथ फेरा. चिकनी हो गई. रिंग का भी वही." उपाय एकच. गाडीत वजन भरायचं, वाघोबाची खिंड तिसऱ्या गियरमध्ये दाबून चढायची, उतरताना पाय उचलायचा. असं दहा वेळा. "बैठी तो बैठी. नहीं तो..." त्याने कोपऱ्यातल्या भंगाराकडे बघितलं फक्त.

घरी येऊन मी आईला टाकी लावलेल्या वाटणाच्या पाट्याचा दाखला दिला. पाटा तिला कळतो. तिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "दोन दिस राहिलेत. पुरे होऊ दे."

थांबलो. तिसऱ्या दिवशी मागे नारळाची पोती कोंबली, पुढे आई बसली. पहिल्याच चढणीला असा धूर झाला की मागच्या ट्रकवाल्याने भरदुपारी दिवे लावले. मी घाबरून पाय उचलला, तर आई डॅशबोर्डवर थाप मारून गाडीलाच ओरडली, "लाव जोर! लाव गो बाय! थोडाच राहिलाय!" सव्वा महिना आधी आणि कळा नंतर, असं बाळंतपण मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. सातव्या फेरीला आरशात धुराऐवजी झाडं दिसली. दहाव्या फेरीला खिंडीतल्या वाघोबाला नारळ फोडला. पोती होतीच.

आठ दिवसांनी सपाट अंगणात, थंड इंजिनाची पट्टी काढली. खूण जागची हलली नव्हती.

आता हे कुणी केलं? मिस्त्री म्हणतो, खिंडीने. आई म्हणते, सव्वा महिना पुरा केला म्हणून. मावशी म्हणते, "मी पयलाच सांगितलेला." शेजारी अजून व्हॉल्व्ह सीलवर ठाम आहे. मला विचाराल, तर मला अजूनही काही कळलेलं नाही.

त्या रविवारी पामला निघालो. पाय सवयीने तीसवरच. केळवे-माहीमच्या पुढे आईने वेगाच्या काट्याकडे पाहिलं.

"साठने ने की रं," ती म्हणाली. "बहीन म्हातारी झालीय माझी."