टप कापलेली गाडी

वडिलांच्या उत्तरकार्याचं जेवण आटोपतं, पाहुणे माजघरात सतरंजीवर आडवे होतात, आणि ललिता मागच्या शेडमध्ये जाऊन आप्पांच्या गाडीत बसते. बसते म्हणजे चढून बसते. या गाडीची दारं उघडत नाहीत. स्टुलावर पाय ठेवायचा, कडेवरून टांग टाकायची आणि मागच्या सीटवर उतरायचं. घरात थांबलं की बायका आधी तिच्या तोंडाकडं बघतात, मग गळ्याकडं, मग एकमेकींकडं. इथं कुणी येणार नाही. वर ताडपत्रीचं हूड ताणलेलं आहे. ऊन त्यातून पिवळं होऊन खाली झिरपतं. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात.

सकाळीच आई म्हणाली होती, "त्यांनी तुला बघितलं नव्हतं गं त्या दिवशी. ऊन डोळ्यावर होतं. मला स्वतः सांगितलंय त्यांनी." हे वाक्य आई इतकी वर्षं फोनवर सांगत आली आहे. ललितानंही ते जपून ठेवलं आहे. आप्पांकडून आलेलं तेवढं एकच.

गाडी आप्पांनी एका डॉक्टरांकडून भंगाराच्या भावात घेतली, तेव्हा ललिता बारावीत होती. टपाला गंज चढून भोकं पडली होती. आप्पांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. गंजाला ते कधी घाबरले नाहीत. "कंपनीची उघडी गाडी घ्यायची तर गॅरेज विकायला लागंल," ते म्हणाले. "आपण घरीच करू." आणि त्यांनी टपच कापून काढला. टप गेल्यावर गाडी मधोमध खचायला लागली, दारं अडकायला लागली. मग चारही दारांना वेल्डिंग मारून ती कायमची बंद केली. मंडपवाल्याच्या शिंप्याकडून हूड शिवून घेतलं, मोतिया रंग मारला, आणि चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत सांगून ठेवलं की ह्या गाडीतनं पहिली वरात निघणार ती आमच्या ललूची.

ललिता शिकत राहिली आणि गाडी दुसऱ्यांच्या पोरी नेत राहिली. दार नाही, म्हणून प्रत्येक नवरीला आप्पा स्वतः हात द्यायचे. "हात दे, पोरी. शालू सांभाळ." आप्पांचा, यशवंत साळोख्यांचा हात धरून गावातल्या कितीतरी पोरी सासरी गेल्या. मग ललितानं कांबळ्यांच्या सुगतशी लग्न ठरवलं आणि तारीख सांगितली. आप्पांनी आरडाओरडा केला नाही. "त्या दिवशी गाडीला ऑर्डर हाय," म्हणाले, आणि जेवायला बसले.

डोळे आता मिटलेलेच राहतात. सीटखाली काहीतरी थरथरतं, आणि गाडी चालायला लागते.

गाडी स्वयंपाकघरातून चालली आहे. एका बाजूला स्टीलचे डबे, एका बाजूला पाण्याचा पिंप, मधून गाडी अगदी अलगद जाते. ललिता आत नाही, गाडीच्या बाजूनं चालते आहे. हूड नाही. स्टेअरिंगवर आप्पा आहेत, डोक्याला वरातीचा भगवा फेटा.

"ललू, ऊन लागतंय गं," ते समोर बघत म्हणतात. "टप कुणी काढला?"

"तुम्हीच काढलात आप्पा. हातोडी-छिन्नीनं."

"ग्राइंडरनं," आप्पा म्हणतात. "हातोडीनं टप निघतोय व्हय? एवढी एम.ए. झालीस, गॅरेजमधलं काय शिकली न्हाईस."

ललिताला हसू येतं. डबे संपतात आणि तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयातली कपाटं सुरू होतात. कपाटांमधून लाल कोटातले बँडवाले चालले आहेत. गाल फुगलेले, क्लॅरिनेट वर, पण आवाज नाही. गाडी त्यांच्या मागून माणसाच्या चालीनं सरकते. मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेली एक नवरी खाली मान घालून बसली आहे.

"ही कुणाची, आप्पा?"

"चौगुल्यांची. त्या दिवसाची."

पायाखाली डांबर लागतं. समोर रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्या आहेत, आणि ललिता फुटपाथवर उभी आहे. गळ्यात हार. शेजारी सुगतचा हात आहे, नुसता हात, बाकी सुगत दिसत नाही. तिला कळतं, आता बँड थांबेल. थांबतोच. पोरं मधे येऊन नाचायला लागतात, आणि गाडी नेमकी तिच्यासमोर उभी राहते. त्या दिवशी राहिली होती तशीच. हात लांब केला तर मोतिया पत्रा बोटाला लागेल.

"आप्पा, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही मला बघितलं होतं?"

आप्पा गिअरच्या दांड्याशी चाळा करतात. "वरातीत क्लच लई जळतो बघ. पाय उचलायचा न्हाई, दाबायचाबी न्हाई..."

"आप्पा."

"बघितलं."

नाचणाऱ्या पोरांचे हात वर आहेत, तिथंच राहतात.

"ऊन होतं ना डोळ्यावर," ललिता म्हणते. हे आपणच त्यांना का पुरवतो आहोत ते तिला कळत नाही.

"ऊन पाठीमागं होतं. दिवस कलला होता की गं. तुझ्या आईला कायतरी सांगायला लागतंय, घरात राहायचं असतंय."

"मी हाक मारली होती."

"ऐकली."

"बँड होता."

"इंजनात एक बारका बोल्ट सैल झाला तर बँडमधनं ऐकू येतोय मला. पोरीची हाक यायची न्हाई?"

ललिता त्यांच्याकडं बघत राहते. कानामागं साबण तसाच राहिला आहे, दाढी करताना नेहमी राहायचा. तो पुसावा असं तिच्या बोटांना वाटतं. बोटं हारात अडकलेली आहेत.

"मग मान तरी वळवायची," ती म्हणते.

"मान वळवली असती तर खाली उतरायला लागलं असतं."

"मग उतरायचं."

"दारं कुठं हायत गाडीला?"

"तुम्हीच बंद केलीत."

"व्हय," आप्पा म्हणतात. "मीच केली."

नवरी सीटवर नाही. फक्त चुरगळलेली झेंडूची फुलं आहेत. रस्ताही आता रस्त्यासारखा नाही. दोन्ही बाजूंना घरातल्याच भिंती आहेत, पाटावर पाट रचून ठेवलेले, आणि त्यावर लाल कोट घालून बँडवाले बसले आहेत, जेवायला वाढण्याची वाट बघत.

"मी आरसा फिरवला होता," आप्पा हळूच म्हणतात.

"कशाला?"

"तू दिसावीस म्हणून. बँड हलेपर्यंत बघत होतो. अबोली साडी होती. आईची. पदराला पिन नीट लागली नव्हती."

ललिता बोटं हारातून ओढून काढते.

"आरशातून बघायला काय लागतं, आप्पा? तेवढं तर पानपट्टीवाल्यानंही बघितलं. तो निदान तोंडासमोर हसला. 'सुखी राहा' म्हणाला. त्याचं नावही मला माहीत नाही."

आप्पा स्टेअरिंगवरचा डावा हात सोडतात आणि अर्धे वळून तिच्याकडं पुढं करतात. तोच हात, तोच बाक.

"हात दे, पोरी. बस. जागा हाय आता."

किती वर्षं तिनं हा हात दुसऱ्या पोरींपुढं आलेला पाहिला आहे. ललिताचा पाय उचलतो. मग तोंडातून शब्द बाहेर पडतात, आणि ते तिचेच आहेत, कुणी शिकवलेले नाहीत.

"आज ऑर्डर नाही वाटतं?"

आप्पांचा हात तसाच राहतो. "न्हाई," ते म्हणतात. "आता कोण बोलवतंय."

बँड एकदम वाजायला लागतो, यावेळी आवाजासकट. गाडी सरकते. आप्पा पुढं बघत नाहीत, हात मागं तसाच ताणलेला, आणि गाडी त्यांना घेऊन जाते. ललिता फुटपाथवरून हलत नाही.

ती जागी होते तेव्हा गाल रेक्झिनला चिकटलेला आहे. हूड डोक्यावर आहे. घरातून भांड्यांचा आवाज येतो.

ती उठून मधल्या फटीतून पुढं सरकते आणि आप्पांच्या जागी बसते. या सीटवर ती कधीच बसलेली नाही. समोर काचेच्या चौकटीला आरसा आहे, आणि तो पार डावीकडं वळलेला आहे. असा आरसा ठेवून कुणी गाडी चालवत नाही. मागचा रस्ता त्यात दिसणारच नाही. शेडची भिंत दिसते, आणि भिंतीच्या अलीकडं गाडीला लागून जी मोकळी जागा आहे ती दिसते. तिथं कुणी उभं राहिलं तर डोक्यापासून कमरेपर्यंत आरशात येईल.

ती आरसा सरळ करायला जाते. आरसा हलत नाही. सांध्यात एम-सील भरलेलं आहे, वाळून दगड झालेलं, आणि त्यावर दाबलेल्या अंगठ्याचा ठसा आहे. रेषान्‌रेष.

"ललू, चहा टाकलाय," आई शेडच्या दारात येऊन म्हणते. "हितं काय करतीयास?"

"आई, हा आरसा असा कसा?"

"तो व्हय? लई वर्षं झाली. लोक हसायचे. वरातीत मागचं कशाला बघायचं, तुझे आप्पा म्हणायचे. हात लावू द्यायचे न्हाईत कुणाला." आई पदरानं कपाळ पुसते. "ये लवकर, चहा निवंल."

आई जाते. ललिता आपला अंगठा त्या ठशावर ठेवते, आणि लगेच काढून घेते. एम-सीलचं पाकीट आणायला ते दुकानापर्यंत गेले असतील. दुकानाच्या शेजारीच पोस्ट आहे. तिचा पत्ता आईकडं होता, फोन नंबर भिंतीवर लिहिलेला होता.

ती दोन्ही हातांनी आरसा धरते आणि सगळा जोर लावून आपल्याकडं वळवायला बघते. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकते. आरसा वळत नाही.