सासूच्या पाटल्या आणि पाच रुपयांचं नाणं

ती घटना आठवली की आजही आधी माझी स्वतःची फजिती डोळ्यांपुढे येते. नाण्यांच्या फसवणुकीचा तपास माझ्याकडे होता आणि त्याच तपासात मी एका नाण्याची किंमत आपल्या हातानं घालवली. मला त्या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून नाणी जमवणाऱ्या एका निवृत्त मास्तरांकडे निघालो होतो. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून घरातलं एक जुनं पाच रुपयांचं नाणं घेतलं. ते काळवंडलं होतं. बायको देवाची भांडी घासते तसं मी ते आमसुलाच्या पाण्यात घासून लख्ख केलं. मास्तरांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, आरोपी राहू द्या, आधी स्वतःला अटक करा. घासलेलं नाणं जाणकार हातात धरत नाही हो!"

तर मूळ प्रकरण असं. मी तेव्हा मुरुडच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. खबर दिली एका लॉजवाल्यानं.

"साहेब, एक गिऱ्हाईक बरेच दिवस राहिलंय. भाडं रोजच्या रोज देतो, पण समुद्राकडे ढुंकून बघत नाही. आणि खेड्यातल्या बायका डबे घेऊन त्याच्या खोलीवर येतात."

"डब्यात काय?"

"चिल्लर!"

मुरुडला येऊन समुद्र न बघणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर धंद्यावर असतो. साध्या वेशात दोन माणसं पाठवली. खोलीत भिंग, सोनाराचा काटा आणि भिंतीवर रंगीत दरपत्रक. अमुक छापाचं पाच रुपयांचं नाणं, किंमत लाखांत. नाण्याला 'दुर्मिळतेचा दाखला' मात्र आधी काढायचा आणि त्याची फी आगाऊ. रोख नसेल तर सोनं चालेल.

त्याला ठाण्यात आणलं तसा आत्तापर्यंत गप्प बसलेला एकेक जण पुढे आला. त्यात भातशेतीच्या गावातली एक बाई होती. तिनं फीपोटी सासूच्या पाटल्या दिल्या होत्या. दर वर्षी गौरीच्या अंगावर त्याच चढायच्या आणि गौरी तोंडावर आल्या होत्या.

"सायेब, सासू पाटल्या मागंल तवा काय सांगू? नवरा कंपनीत हाय, त्याला यातलं कायबी ठावं न्हाय. मला घरात ठेवायचे न्हाईत."

आमचा ठाणे अंमलदार जबाब लिहिता लिहिता फिसकन हसला. "मावशी, पाच रुपयांचे लाख रुपये? मग मी कशाला नोकरी करतोय?" बाहेर बाकावरची माणसंही हसली. बाईनं पदर तोंडाला लावला. मला असा संताप आला की अंमलदाराच्या हातून पेन काढून घेतलं आणि जबाब मी स्वतः लिहिला. अरे, पाचाचे लाख होतात हा मेसेज तिच्या मोबाइलवर कोणी पाठवला? पदव्या घेतलेल्या, कचेरीत बसणाऱ्या नातेवाइकांनीच ना? ते मेसेज पुढे ढकलून मोकळे, आणि वेडी कोण, तर ही!

आरोपी मात्र थंड. पावतीवर बायकांचे अंगठे, सह्या, सगळं व्यवस्थित. "साहेब, मी वीस वर्षं नाणी जमवतोय. व्यवहार चालू आहे, गिऱ्हाईक मिळालं की पैसे देणार. यात फसवणूक कुठं आली?" सकाळपासून हेच पालुपद. फसवण्याचा हेतू पहिल्यापासून होता हे दाखवल्याशिवाय गुन्हा उभा राहत नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

म्हणून मी मास्तरांकडे गेलो होतो. माझ्या फजितीवर हसून झाल्यावर त्यांनी मला कोळणीच्या टोपलीवरून धडा दिला.

"पापलेट महाग का? मिळतं कमी आणि हवं सगळ्यांना. पण जाळ्यात एखादा कधी न पाहिलेला मासा येतो, तो कोणी खात नाही, मग मांजराला घालतात. तोही दुर्मिळच की! ही पाचाची नाणी तर ढिगानं पाडलेली. एखाद्या सालाचं, एखाद्या टांकसाळीचं कमी सापडतं. तेही घासलं-पुसलं नसलं आणि मागणारा भेटला, तर चार पैसे जास्त. लाख कुठले?"

हे ऐकताना मला बाईच्या जबाबातलं एक वाक्य आठवलं. तिनंही नाणं आमसुलानं घासून नेलं होतं आणि हा म्हणाला होता, "चकाकी आहे, म्हणून भाव जास्त लागेल."

मास्तरांनाच ठाण्यात घेऊन आलो. टेबलावर एकाच सालाची दोन नाणी ठेवली. एक त्यांचं, मळकट, आणि एक मी घासलेलं.

"सांगा, वीस वर्षांचे जाणकार. यातलं मोलाचं कोणतं?"

त्यानं माझं उचललं. "हे. याला तोड नाही."

मास्तर म्हणाले, "बरं, सालाखालची ही बारीक खूण कसली?"

"नक्षी आहे."

"टांकसाळीची खूण आहे ती. नाणी जमवणारं शाळकरी पोरसुद्धा आधी ती बघतं."

त्याचा चेहरा उतरला. पाणी मागितलं. मग दमानं एकेक विचारत गेलो. शेवटी वैतागून त्याच्या तोंडून निघालं, "या बायकांना काय कळतंय साहेब? आणि कळलं तरी घरी सांगणार कोण?"

इतक्या वर्षांत खुनाचे जबाब मी शांतपणे लिहिले, पण ते वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. त्याचा धंदा नाण्यांवर नव्हताच. फसलेल्या बाईला सगळे हसतील, या खात्रीवर होता. आणि आम्ही ठाण्यात बसून त्याला साथ दिली होती.

पाटल्या दुसऱ्या तालुक्यातल्या एका सराफाकडे निघाल्या. पंचनामा करून मुद्देमाल जप्त केला. कोर्टात बाईचा अर्ज आला त्याच दिवशी आमचं म्हणणं सादर केलं, आणि हमीपत्रावर पाटल्या तिला गौरींच्या आदल्या दिवशी मिळाल्या. नवऱ्याला तिनं आपणहून सांगितलं. तो सोबत आला होता, मान खाली घालून. पाटल्या रुमालात बांधून तिनं कमरेला खोचल्या आणि थेट घरची एसटी गाठली. मला तेच बरं वाटलं.

गुन्हे बरेच तपासले. या एकानं शिकवलं की तक्रारदाराला हसणारं ठाणं हे गुन्हेगाराचं अर्धं काम करतं.

पाटल्या तिला मिळाल्या त्याच संध्याकाळी मात्र मी रंगात येऊन शेजाऱ्यांना सगळा किस्सा सांगितला. बाईची नक्कलही केली. सगळे पोट धरून हसले. ते गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "सांगा की, सांगू नका म्हणत नाही मी. पण जिथं लोक हसणार, तिथं तिला उभं करू नका. तिथं तुम्ही उभे राहा."