टेस्टरबाई आणि निळी वायर

गाड्यांच्या वायरिंगच्या त्या दुकानाला सगळे टेस्टरबाईचं दुकान म्हणत. नवरा गेल्यावर चौदा वर्षं तिनं ते एकटीनं चालवलं. तिचा माणसांवर विश्वास नव्हता, टेस्टरवर होता. गिऱ्हाईक कहाणी सांगू लागलं की म्हणायची, "तुम्ही गप्प बसा, गाडी सांगेल." गाडी आणि ट्रेलर यांचं पटेनासं झालं की तिची रीत ठरलेली. सासूसुनेला वेगवेगळ्या खोलीत बसवून विचारायचं! आधी एकटा ट्रेलर तपासायचा, मग एकटी गाडी.

धाकट्या दिराचा पहिल्यापासून त्या दुकानावर डोळा. त्यानं नवी पिकअप घेतली, वहिनीनं वायरिंग केलेला आपला जुना ट्रेलर तिला जोडला, आणि उतारावर ट्रेलरचे ब्रेक लागलेच नाहीत. मागून ढकलली जात गाडी पुलाच्या कठड्याला घासून थांबली. शेजारी त्याची बायको, टेस्टरबाईची जाऊ, होती. वहिनीच्या वायरिंगनं आमचा जीव घेतला असता, अशी बोंब त्यानं आठ दिवस गल्लोगल्ली मारली. टेस्टरबाईकडे येणाऱ्या गाड्या निम्म्या झाल्या. नवव्या दिवशी बायकोला शेजारी बसवून, चार ट्रकमालक साक्षीला घेऊन तो गाडी-ट्रेलरसह दारात हजर.

"वहिनी, चूक कबूल करा आणि दुकानाला कुलूप लावा."

तिनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. ट्रेलर सोडवला, त्याचं चाक जॅकवर उचलून गरगर फिरवलं, आणि दुकानातल्या बॅटरीचा करंट ब्रेकच्या पिनेला दिला. चाक जागच्या जागी थांबलं.

"हे माझं काम," ती म्हणाली. मग गाडीच्या सॉकेटमध्ये, त्याच पिनेच्या जागी, टेस्टर घातला. "भाऊजी, ब्रेक दाबा."

टेस्टर पेटला नाही.

"आता रिव्हर्स टाका."

लख्ख पेटला.

"म्हणजे पुढं जाताना ब्रेक नाही, अन् मागं घेताना गच्च?" एक ट्रकमालक फिदीफिदी हसला.

ती बंपरखाली वाकली. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड होता, निळीला निळी. सॉकेटची निळी ट्रेलरच्या ब्रेकला जाणारी, पण गाडीतली निळी वायर रिव्हर्सच्या दिव्याची होती. गाडीच्या ब्रेकची तपकिरी वायर तशीच लोंबत होती.

"हा जोड कुणाचा?"

"माझा. रंगाला रंग जोडला. शेंबडं पोरही तेच करेल."

"शेंबड्या पोराला मी माफ केलं असतं."

"बरं, बरं. घरचंच काम आहे. टाका नीट करून."

तिचं डोकं तापलं. पक्कड हातातच होती, काम पाच मिनिटांचं. पण आपण हात लावला की हाच उद्या सांगत फिरणार, वहिनीनं स्वतःची चूक सावरली म्हणून. आणि न लावावा, तर जाऊ याच गाडीतून तो उतार उतरणार.

तेवढ्यात जाऊच खाली उतरली. तिनं गाडीची किल्ली काढून टेस्टरबाईच्या हातावर ठेवली. "ताई, हे दुरुस्त होईपर्यंत मी यात पाय ठेवणार नाही."

टेस्टरबाईनं किल्ली खिशात टाकली आणि पक्कड दिरापुढे धरली. "मी सांगते, तुम्ही करा."

त्यानं चौघांकडे पाहिलं. कुणी जागचं हललं नाही. शेवटी इस्त्रीच्या शर्टानिशी तो बंपरखाली आडवा झाला, शिव्या पुटपुटत जुना जोड कापला, तपकिरी वायर सोलली, सॉकेटच्या निळीला पिळली, पट्टी गुंडाळली. जाऊनं ब्रेक दाबला. टेस्टर पेटला, विझला, परत मिणमिणला. जोड कच्चा होता. टेस्टरबाईला मनापासून बरं वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

"कापा, भाऊजी," ती म्हणाली. "पुन्हा."