प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र

ताईला माझ्या तोंडाचा भारी अभिमान. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ती सगळ्यांना सांगायची, "माझा भाऊ कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही." खोटं नाही ते. राग माझ्या नाकावरच असतो. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं चुरगळलेला कागद पुढे केला, की मी आधी त्याला झापतो, मग मशीन चालू करतो.

ताईची शाळा नववीत सुटली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, मला सांभाळायला घरात दुसरं कोण? पुढे ती धुलाईघरात लागली. ओल्या चादरी उपसायच्या, झटकायच्या, घड्या करायच्या, सगळं उभ्यानं. आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे! शाळा सुटलेल्यांसाठी बारावीच्या तोडीची परीक्षा असते, तिला बसली. जेवणाच्या सुटीत चादरींच्या ढिगाला टेकून वाचायची. मी चिडवायचो, "काय हेडमास्तरीणबाई, फळा आणू का?"

"आण. आणि तू कोपऱ्यात अंगठे धरून उभा राहा."

पठ्ठी पहिल्या झटक्यात पास झाली! कॉलेजात इतिहासाला तिचं नावही लागलं. "आता तीन वर्षं बाकावर बसून ऐकणार," म्हणाली. "उभं राहून राहून कंटाळले बाई."

शुक्रवारपर्यंत मूळ प्रमाणपत्र दाखवून प्रवेश पक्का करायचा होता. तिला रजा मिळेना. म्हटलं, मी जातो. पण जायच्या आधी मला प्रेमाचा उमाळा आला. एवढ्या कष्टाचा कागद, भिजला-बिजला तर? एक रंगीत झेरॉक्स काढून ठेवली आणि मूळ कागद मस्तपैकी लॅमिनेट केला. हातातला धंदा, दोन मिनिटांचं काम. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

खिडकीतल्या कारकुनानं प्रमाणपत्र उलटंपालटं केलं. "प्रवेशाचा शिक्का मागच्या बाजूला मारतो आम्ही. प्लास्टिकवर शाई धरेल का? परीक्षा मंडळाकडून दुसरी प्रत मागवा. त्या अर्जाची पोच आणली तरी चालेल, आठ दिवस थांबतो." मग हसून म्हणाला, "कुणाचा हा शहाणपणा?" मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा सरळ बोलत होता.

दुकानात येऊन शटर अर्धं ओढलं आणि इस्त्री तापवली. प्लास्टिक सुटलं, पण ताईचं नाव आणि गुण त्यालाच चिकटून आले. दुसऱ्या प्रतीच्या अर्जावर तिची सही लागणार होती. म्हणजे तिला सांगायला हवं, की मीच वाट लावली. कागद सांभाळा म्हणून जगाला शिकवणारा मी!

संध्याकाळी ती कामावरून थेट आली. "झालं?"

तोंडातून निघून गेलं, "ते अशी प्रमाणपत्रं घेत नाहीत, ताई. शाळेतूनच पास झालेलं लागतं."

"भांडलास का?"

"भांडलो."

"मग नसतीलच घेत," म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. खूप वेळ नळ चालू होता. ती रंगीत झेरॉक्स मी लॅमिनेट करून मूळ प्रमाणपत्र म्हणून तिला दिली, तिनं ती भिंतीवर लावली. आठ दिवस रोज ठरवायचो, आज सांगू. नवव्या दिवशी मला चक्क हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

याला चौदा वर्षं झाली. गेल्या आठवड्यात ताई धुलाईघरातल्या इस्त्रीवालीला घेऊन दुकानात आली. "अरे, हिला कॉलेजात घेतलं! नियम बदलला वाटतं. मी नको म्हणत होते, हिनं ऐकलं नाही तेच बरं." इस्त्रीवालीनं प्रमाणपत्र काउंटरवर ठेवलं. मागे निळा शिक्का होता. ताईनं पिशवीतून आपलं काढलं. "पुढच्या महिन्यात मी रिटायर होतेय, मीही जाते म्हटलं. पण हे प्लास्टिक काढावं लागेल म्हणते ही. नीट काढशील ना रे?"

मी मशीन बंद केलं आणि इस्त्रीवालीच्या देखत सगळं ओकून टाकलं. ताईनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती स्टुलावर टेकली.

"म्हणजे तेव्हासुद्धा घेत होते?"

"हो."

"अरे, हिच्या आधी धुलाईघरातल्या तिघींना मी त्या परीक्षेला बसू दिलं नाही. म्हटलं, उगाच कशाला, माझा भाऊ स्वतः भांडून आलाय." तिनं प्रमाणपत्र परत पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "त्या परीक्षेचे फॉर्म असतात ना तुझ्याकडे?"

"असतात. किती देऊ?"

"दोन दे. तिसरी मागच्या वर्षी वारली."