घासलेली डिस्क

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची, आणि तीही अमावस्या लागायच्या आत, असं आईने फर्मान काढलं होतं. अमावस्या लागत होती दुपारी चारला. बहिणीला नववा लागलेला, ती ठाण्यात बॅग भरून तयार. आणि मी अकरा वाजता नवघरच्या गॅरेजमध्ये उभी, कारण ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरत होतं.

मेकॅनिकने चाक काढून दाखवलं. ब्रेकचे पॅड झिजून पार लोखंड उघडं पडलं होतं आणि त्याने चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर चरे पाडले होते. नवे पॅड होते, पण डिस्क उद्या येणार होत्या. "तब तक यही लेथ पे घिस देता हूँ मॅडम, चकाचक हो जाएगी," तो म्हणाला.

सोबत आलेले माझे बाबा आयुष्यभर बस चालवून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा वर करून डिस्कची कड बघितली. किती जाडीखाली ती वापरायची नाही, तो आकडा तिथे कोरलेला असतो. "घासली की त्याच्या खाली जाईल गं. पातळ डिस्क घाटात तापते. उद्या जाऊ."

उद्या म्हणे! आणि मग सुरूच झाले, डेपोत आम्ही असं करायचो नाही, डेपोत आम्ही तसं... माझं टाळकंच सटकलं. "बाबा, ही तुमची बस नाहीये! जरा गप्प बसा ना!" सगळं गॅरेज वळून बघायला लागलं. एरवी मी अमावस्या-बिमावस्या मानत नाही. पण बाळंतपणात बहिणीचं काही वाकडं झालं असतं तर आईने जन्मभर मलाच बोल लावला असता, याची मला भीती वाटत होती. मी मेकॅनिकला म्हटलं, "घिस दो."

बाबांनी फक्त चावी मागून घेतली. "जाताना मी चालवतो."

घोडबंदर सोडून घाट चढेपर्यंत सगळं झकास होतं. "बघा," मी म्हटलंसुद्धा. उताराला लागलो आणि करपल्याचा वास आला. पुढे एक ट्रक रेंगाळत उतरत होता. बाबांनी ब्रेक दाबला, स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, आणि गाडी थांबेचना. "बाबा!" मी किंचाळले. तिसरा गिअर, दुसरा, मग हँडब्रेक हळूहळू वर. ट्रकच्या मागच्या फळीवरचा उडालेला रंग दिसला, इतके जवळ गेलो. मग गाडी डावीकडच्या मातीत घसरत थांबली.

मी मागे वळले. बहिणीला टेकायला म्हणून आईने सकाळीच मागच्या सीटवर दोन उशा लावून दिल्या होत्या. दोन्ही माझ्या सीटच्या पाठीवर आदळून खाली पडल्या होत्या.

मला रडूच फुटलं. "बाबा, चुकलं माझं," मी म्हटलं. त्यांनी फोन काढून आईला लावला.

"ऐक, आज नाही आणत तिला," ते म्हणाले. "अगं, गाडी ठीक आहे. मलाच घाटात गरगरलं."