मनकर्णाची छावणी

सुग्रीव सरांना कॉलेजात सगळे ‘विलायत सर’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. केज तालुक्यातल्या त्या कॉलेजातून एक तरी लेकरू परदेशी शिष्यवृत्ती मिळवून पुढं शिकायला जावं, एवढं एकच वेड त्या माणसानं नोकरीभर उराशी धरलं. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांतून दरसाल पोरं जायची. का नाही जाणार? तिथं आधी गेलेली पोरं मागच्यांकडून मुलाखत घोटून घेतात. इथून पोरं गेली ती ऊसतोडीला. मग लोक हसणार नाहीत तर काय करतील?

अन् दुष्काळाच्या साली त्यांच्या कॉलेजात मनकर्णा निघाली. नांदूरघाटच्या सटवा मेंढपाळाची लेक, एम.ए.ला पहिली आलेली. त्या साली जनावरांच्या चारा-छावण्या उघडल्या, पण तिथं गाय-बैल-म्हैस घ्यायचे, शेळ्या-मेंढ्यांना मज्जाव. गरिबाचं धन डोळ्यांदेखत मरत होतं. ही पोरगी बायांना घेऊन दूध संस्थेच्या दारात ठाण मांडून बसली, चेअरमन अर्जुनरावांशी भांडली, संस्थेच्या गोदामामागं शेळ्या-मेंढ्यांची छावणी उघडायला लावली आणि उन्हाळाभर चालवून दाखवली. अर्जुनराव आले ते फक्त नारळ फोडायला.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं बोलावणं मुंबईहून आलं तेव्हा आनंदाच्या भरात सरांना जेवण सुचलं नाही. कॉलेज सुटल्यावर स्वतः साहेब होऊन समोर बसायचे आणि तिची मुलाखत घ्यायचे. एकदा ती म्हणाली, “छावणी मी काढली.” सर दचकलेच.

“असं न्हाई म्हणायचं, बाई. मोठ्या लोकांपुढं आपणच आपली आरती ओवाळू नये. अर्जुनरावांचं नाव घे, गावाचं घे.”

आपल्याकडं रीतच ती. संस्थेच्या सभेत काम कुणी का केलेलं असेना, ते चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखालीच झालेलं असतं. सरांनी जन्मभर अशीच भाषणं ऐकली अन् केली. मनकर्णानं मुकाट मान डोलावली.

निकाल लागला त्या दिवशी ती सरांच्या घरी आली आणि उंबऱ्याशीच बसली. “न्हाई झालं, सर.”

“विचारलं काय त्यांनी?”

“छावणीचंच लई विचारलं. कुणाच्या डोक्यातून निघाली, चालवली कुणी, तुमी सोता काय केलं. मी म्हणलं, सगळं अर्जुनरावांनी अन् गावानं केलं, मी निस्ती संगं होते. फिरून फिरून विचारलं त्यांनी. मी तेच सांगितलं.”

फिरून फिरून विचारलं, म्हणजे त्यांना शिष्यवृत्ती द्यायचीच होती की ओ! सरांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. मुलाखतीला बसलेल्या एक बाई फोनवर आल्या. फार मऊ बोलल्या.

“मुलगी आवडली होती आम्हाला. पण आपण काहीच केलं नाही, असं तीच म्हणाली. बाकीची मुलं आपापलं काम नीट सांगत होती. तुमच्याकडे मुलाखतीची तयारी कुणी करून घेत नाही का?”

“घेतो की,” सर म्हणाले. “मीच घेतो.”

मग सरांनी खरं काय ते सगळं सांगितलं. बाई हळहळल्या. नावं जाहीर झाली होती, आता काही करता येण्यासारखं नव्हतं.

फोन ठेवून सर तिच्याजवळ खाली बसले. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. “तुझं काय बी चुकलं न्हाई, पोरी. चुकलं माझं. तुझी विलायत मी घालवली.”

मनकर्णा कावरीबावरी झाली. सरांना असं रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“असं कावून म्हणता, सर?” ती समजावू लागली. “मुंबईपर्यंत तरी गेलते, ती तुमच्यामुळंच. माझं त्यात काय हाय?”