मोगऱ्याचं कौतुक

वरच्या मजल्यावरच्या सुमनकाकू भाजी घेऊन जिना चढताना हल्ली रोज आमच्या दारापाशी थांबतात. "मोगरा छान आलाय हं," म्हणतात. मी सुखावते.

आजही तेच म्हणाल्या. पण मोगरा मी काल संध्याकाळीच उपटून टाकला होता. कुंडीत नुसती माती होती. मग मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम, एक हात जबड्याखाली.

"पित्त झालंय गं. छातीत काही दुखत नाहीये, जबडा तेवढा ठणकतोय."

बाईला दम खायलासुद्धा निमित्त लागतं! छातीत कळ नाही म्हणजे हृदयाचं काही नाही, हेही आपणच ठरवून टाकायचं.

"गाडी बोलावते. दवाखान्यात जायचंय."

"अगं, कुकर लावायचाय."

मी पिशवी ओढून घेतली. तेव्हा कुठे काकू, कसलंही निमित्त न सांगता, पायरीवर बसल्या.